मागून उघडणारी सॅक

तिचं लग्न एका फोटोग्राफरशी झालं तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खरं सांगायचं तर कॅमेऱ्यातलं तिला आजही फारसं कळत नाही. तिला कळते ती बॅग. कुठली लेन्स कुठल्या कप्प्यात, ब्रश कुठे, पुसायचं फडकं कुठे, भरलेल्या बॅटऱ्या कुठे आणि संपलेल्या कुठे, हे सगळं तिला डोळे मिटून सांगता येतं. नवऱ्याला विचारा, तो आधी खिसे चाचपेल आणि मग तिच्याकडे बघेल.

कारखान्यांमध्ये तिला सगळे बॅगताई म्हणतात. गेटवरच्या पासावर 'फोटोग्राफर व एक सहायक' असं लिहिलेलं असतं, पण पास वाचतंय कोण? वॉचमन लांबूनच हाक मारतो, "या बॅगताई, आज साहेबांना घेऊन आलात का?" साहेब मागून ट्रायपॉड सांभाळत येत असतात.

नवरा यंत्रांचे फोटो काढतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत पंप, बॉयलर, व्हॉल्व्ह असे चकचकीत दिसतात ना, ते त्याचं काम. माणसांचे फोटो तो काढत नाही. माणसं हलतात, हसतात, पोट आत घेतात. यंत्रं बिचारी निमूट उभी राहतात, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला त्याच्याकडे एक मदतनीस होता. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातलं मोठं काम आलं, त्याच दिवशी त्या पठ्ठ्याने दांडी मारली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा तिने तान्ह्या मुलीला शेजारणीकडे ठेवलं, बॅग खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चला. मला फक्त काय कधी द्यायचं ते सांगा."

त्याने सांगितलं एकदाच. पुढे सांगायची वेळ आली नाही. तो डोळ्याला कॅमेरा लावून उभा असतो, ती त्याच्या मागे. त्याने न बघता हात मागे केला की ती त्या हातात हवी ती वस्तू ठेवते. तो काय बघतोय, किती पुढे सरकलाय, मान किती वाकवलीय, यावरून तिला कळतं की आता जवळची लेन्स लागणार की रुंद. कधीकधी त्याच्या आधी कळतं. एखाद्या व्हॉल्व्हवर बारीक अक्षरं कोरलेली दिसली की हा गडी पुढच्या यंत्राकडे निघालेला असतो आणि ती जवळची लेन्स त्याच्या हातात टेकवते. तो कुरकुरत परत वळतो, फोटो काढतो, आणि माहितीपत्रकात नेमका तोच फोटो पहिल्या पानावर येतो. याबद्दल कोणी तिचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही. तिनेही कधी अपेक्षा केली नाही. निदान ती तसं म्हणते.

अशी वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेली. बॅगा तीन झाल्या. आणि मग एके दिवशी बॅगताईचा उजवा हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोहोचेना.

हाडांच्या डॉक्टरांनी खांदा इकडेतिकडे फिरवून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि विचारलं, "काय उचलता तुम्ही?"

"काही नाही," ती म्हणाली. "बॅग."

"कसली बॅग?"

नवऱ्याने हौसेने यादी सांगायला सुरुवात केली. दोन कॅमेरे, पाच लेन्स, दोन फ्लॅश. डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबवलं आणि खांद्याची वाटी कशी झिजलीय ते पडद्यावर दाखवलं. "यापुढे खांद्यावर काहीही नाही," ते म्हणाले. "पर्स लावायची ती पण डाव्या." घरी आल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा ती मोठी बॅग स्वतः उचलून कपाटात ठेवली, आणि ती किती जड आहे हे त्याला बहुतेक त्याच दिवशी कळलं, कारण ठेवल्यावर तो थोडा वेळ कपाटाला धरून उभा राहिला.

त्यातच व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. त्यांची सगळ्यात जुनी, सगळ्यात भरवशाची कंपनी. कंपनीने लांब समुद्रकाठी नवा कारखाना काढला होता. तिथे विमानाने जायचं, तीन दिवसांत सगळं काम आटपायचं. ऑफिसातल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तिकीट एकाचंच मिळेल हं. एकट्याने सांभाळून घ्याल ना?"

नवऱ्याने फोन ठेवला आणि फुशारकीने म्हणाला, "नाही जात. दोघांना बोलवायचं असेल तर बोलवा म्हणावं."

"तसं म्हणालात का त्यांना?"

"कळवतो म्हणालो."

बॅगताईने त्याला जायला लावलं. तो गेला नाही तर दुसरं कुणी जाणार आणि मग हा घरात बसून पंख्याचे फोटो काढणार, हे तिला दिसत होतं. पण मनातलं दुसरं गणितही तिला दिसत होतं. तो एकटा जाऊन नीट काम करून आला तर पुढची सगळी कामं अशीच होणार. तिकीट एक, माणूस एक. तिची गरज संपली. आणि एवढी वर्षं आपण नक्की काय केलं, नुसती बॅग वाहिली की आणखी काही, हेही त्या तीन दिवसांत ठरणार. त्याला जमावं असं तिला मनापासून वाटत होतं. जमू नये असंही वाटत होतं, तेही मनापासून. एकाच पोटात दोन्ही, म्हणून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाटलं, औषधं गरम पडली.

आता प्रश्न सॅकचा. घरातल्या तिन्ही बॅगा गाडीच्या डिकीतून जाणाऱ्या, मोठ्या पेटीसारख्या. विमानात त्या खाली सामानात टाकाव्या लागणार. मुलीने फोनवर बजावलं, "आई, कॅमेरा आणि लेन्स खाली अजिबात द्यायच्या नाहीत. तिथे बॅगा कशा फेकतात ते मी खिडकीतून बघितलंय. पाठीवर घेऊन आत नेता येईल अशी सॅक घ्या. मापात बसणारी. आणि तिथे वजनही करतात, तेव्हा सॅक स्वतःच जड नको."

"म्हणजे दणकट हवी, पण हलकी हवी," बॅगताई म्हणाली.

"हो."

"मोठी हवी, पण लहान हवी."

"आई, मी लिंक पाठवते."

मुलीने पाठवलेल्या सॅक नवऱ्याने फोनवर बघितल्या आणि सगळ्यांना नाकं मुरडली. त्याला एक आवडली होती, मऊ तपकिरी चामड्यासारखी दिसणारी, पितळी बकलं असलेली. फोटोतल्या माणसाने ती एका खांद्यावर टाकली होती आणि तो डोंगराकडे बघत होता. नवऱ्याने मानही थोडी तशीच वळवून बघितली. बॅगताईने फोन त्याच्या हातून काढून घेतला. "सॅक फोटोवरून घ्यायची नसते," ती म्हणाली. "दुकानात जाऊ."

दुकानात जाण्याआधी तिने तयारी केली. खऱ्या लेन्स घेऊन बाजारात हिंडायचं नाही, म्हणून अंगणातल्या दोन विटा घेतल्या, टॉवेलात गुंडाळल्या. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. एक जुनी इस्त्री, जिचं वजन मोठ्या लेन्सएवढं भरत होतं. शिवाय शिवणाची टेप. हे सगळं एका पिशवीत घालून नवऱ्याच्या हातात दिलं. दुकानाच्या दारातल्या सुरक्षारक्षकाने पिशवी उघडून बघितली, विटा बघितल्या, इस्त्री बघितली, मग या दोघांकडे बघितलं.

"सॅक घ्यायचीय," नवरा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा. त्याने काउंटरवर एकामागून एक सॅक मांडल्या आणि प्रत्येकीचं कौतुक सुरू केलं. बॅगताई ऐकत नव्हती. ती सॅक उलटी करून आधी पट्टे कुठे शिवलेत ते बघत होती. पट्टा तिथेच तुटतो, बाकी कुठे तुटत नाही. एक टीप असेल तर ती सॅक बाजूला. मग चेन. चेन तिने प्रत्येक सॅकची दहा वेळा उघडमीट केली, कोपऱ्यात मुद्दाम अडकवून बघितली. मग तळ. तळाला जाड कापड नसेल तर बाजूला. मग आतले स्पंजचे कप्पे, ते काढून हवे तसे लावता येतात की नाही. मग टेप लावून लांबी, रुंदी, उंची. दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

नवऱ्याला तीच तपकिरी सॅक तिथेही दिसली. त्याने ती पाठीवर टाकली आणि आरशासमोर गेला. "बघ," तो म्हणाला.

तिने बघितलं. छान दिसत होता. पट्ट्याला एकच टीप होती आणि आतला स्पंज बोटभरसुद्धा जाड नव्हता. ती 'घ्या' म्हणाली असती तर त्याने तिथल्या तिथे घेतली असती, आणि तीन दिवसांत सॅकचं काय झालं असतं ते तिला आत्ताच दिसत होतं. पट्टा उसवला असता, लेन्स एकमेकींवर आपटल्या असत्या. आणि मग तो परत आला असता आणि म्हणाला असता, तुझ्याशिवाय जमत नाही.

तिच्या जिभेवर 'घ्या' आलं होतं. हे तिने नंतर मुलीला कबूल केलं. पण ती म्हणाली ते असं, "काढा ती. इस्त्री टाकली तर तळातून खाली येईल."

त्याने नाइलाजाने काढली. तिला स्वतःचा थोडा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

मग दुकानदाराने एक करडी सॅक दाखवली. हिला बाजूला दार होतं. "ही बघा साहेब," तो म्हणाला, "पाठीवरून उतरवायलाच नको. एक पट्टा काढायचा, सॅक अशी पुढे फिरवायची, बाजूने हात घालायचा, कॅमेरा बाहेर."

नवऱ्याने ती घातली. बॅगताई नेहमीसारखी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्या बाजूच्या दारातून हात घालून बघितला. मनगट अडकलं. "इथून काही निघायचं नाही," ती म्हणाली. "अरुंद आहे."

"अरुंदच आहे," नवरा समोर आरशात बघत म्हणाला.

शेवटी काळी सॅक निघाली. दिसायला साधी, शाळेची वाटावी अशी, आत कॅमेरा असेल अशी कुणाला शंकाही येऊ नये. पट्ट्यांना तिहेरी टीप. तळाला जाड कापड. माप बरोबर, वजन हलकं. आणि पाठीमागचं अख्खं तोंड चेनने खाली उघडायचं. बॅगताईने तिच्यात विटा, बाटल्या, इस्त्री भरली. नवऱ्याने पाठीवर घेतली. ती मागे उभी राहिली, चेन उघडली, सगळे कप्पे तिच्या समोर एका नजरेत आले. त्याने डोळ्यासमोर मोकळे हात कॅमेऱ्यासारखे धरले आणि एक हात मागे केला. तिने त्यात बाटली ठेवली. त्याने परत हात मागे केला. तिने बाटली घेतली आणि वीट ठेवली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. काउंटरपाशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हा प्रकार बघत राहिली.

"झकास," नवरा म्हणाला.

"खांद्यावर वजन माझ्या नाही, तुमच्या," ती खूश होऊन म्हणाली. "आणि सगळं हाताशी."

दुकानदार पावती करता करता म्हणाला, "दोघं मिळून फिरता वाटतं कायम?"

"कायम," नवऱ्याने सांगितलं.

बॅगताई तेव्हा सॅकच्या तळाची शिवण पुन्हा एकदा बघत होती. तिलाही त्या उत्तरात काही चुकलंय असं वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिने सॅक भरली. रुंद लेन्स डावीकडे वर, जवळची तिच्या खाली, मोठी मधोमध आडवी, बॅटऱ्या वेगळ्या डबीत. सगळं भरून वजनकाट्यावर ठेवलं. थोडं जास्त भरलं तेव्हा चार्जर नवऱ्याच्या जाकिटाच्या खिशात गेला. सकाळी तो सॅक पाठीवर घेऊन टॅक्सीत बसला. ती दारात उभी राहिली. टॅक्सी वळेपर्यंत त्याने मागे बघितलं नाही. कसा बघणार, सॅकमुळे मान वळत नव्हती. हे तिने स्वतःला समजावलं.

त्याचा विमानतळावरून फोन आला. सॅक मापात बसली, वजनात बसली, कुणी काही विचारलं नाही. आपली निवड बरोबर ठरली म्हणून तिला बरं वाटलं आणि मग घर फारच शांत वाटायला लागलं. तिने कपाट आवरलं. जुन्या बॅगा पुसल्या. दुपार कशीबशी ढकलली.

संध्याकाळी तिने डॉक्टरांनी दिलेलं मलम काढलं. ते पाठीला, खांद्याच्या मागच्या हाडाजवळ लावायचं होतं. रोज नवरा लावून द्यायचा. तिने डाव्या हाताने वरून प्रयत्न केला, पोहोचला नाही. खालून केला, नाही पोहोचला. आरशासमोर उभं राहून तिरकं होऊन केला. मलम ब्लाउजला लागलं, पाठीला नाही. आपल्याच पाठीपर्यंत आपला हात जात नाही म्हणून ती वैतागली, आणि मग बोटाला मलम तसंच ठेवून पलंगावर बसली.

आपल्या पाठीपर्यंत आपला हात जात नाही. त्याचाही जाणार नाही. ती सॅक मागून उघडते, आणि त्याच्या मागे कुणी नाही.

एवढं पारखून, टीप न टीप तपासून तिने सॅक घेतली होती ती दोघांसाठी. आणि तो? तोही आरशासमोर हात मागे करून 'झकास' म्हणाला होता. दुकानदार करडी सॅक कशासाठी दाखवत होता ते दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं.

तिने फोन लावला. बंद. कारखान्यात फोन गेटवरच काढून घेतात, हे तिला माहीत होतं, तरी तिने पुन्हा लावला. मग मुलीला लावला आणि सगळं सांगितलं.

"अगं मग काय झालं," मुलगी म्हणाली. "सॅक काढून खाली ठेवतील आणि उघडतील."

"खाली तेल असतं. तेल आणि पाणी. कारखान्यात खाली काही ठेवायचं नसतं."

"टेबल असेल."

"टेबल यंत्राजवळ नसतं."

मग मुलगी म्हणाली, "आई, तू मुद्दाम नाही केलंस."

बॅगताईने असं काही विचारलंच नव्हतं. पण तिला तेच खात होतं. तपकिरी सॅकला तिने तोंडाने नाही म्हटलं होतं, मग काळीला हो म्हणताना पोटातल्या त्या दुसऱ्या इच्छेने आपला डाव साधला की काय? रात्री त्याचा फोन आला. तो दमला होता. "सगळं ठीक," म्हणाला. सॅकचा विषय त्याने काढला नाही. तिनेही काढला नाही. तीन दिवस दोघांनी हवामानावर आणि तिथल्या मऊ गादीवर गप्पा मारल्या.

तो परत आला तेव्हा सॅक त्याच्या पाठीवर नव्हती, हातात होती. चहा पिऊन होईपर्यंत तिने धीर धरला.

"काम झालं?"

"झालं. फोटो तिथेच दाखवले त्यांना. खूश आहेत." मग तो हसला. "पहिल्या दिवशी गंमत झाली. मी मोठ्या व्हॉल्व्हसमोर उभा. कॅमेरा डोळ्याला. सवयीने हात मागे केला. मागे त्यांचा सुपरवायझर उभा होता. त्याला वाटलं आत्ताच ओळख करून घ्यायचीय. त्याने हात हातात घेतला आणि चांगला हलवला. स्वतःचं नावही सांगितलं."

तीही हसली. हसता हसता दोघांचंही हसू एकाच वेळी संपलं.

त्याने कॉम्प्युटरवर फोटो लावले. ती शेजारी बसली. फोटो स्वच्छ होते, उजेड बरोबर, रेषा सरळ. यंत्रांच्या रांगा, पाइपांची जाळी, मोठाले हॉल. ती एकेक फोटो बघत गेली, आणि अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं की सगळे लांबून आहेत. कुठेही कोरलेली अक्षरं नाहीत. कुठे दाबमापकाचा काटा नाही, बोल्टचा आटा नाही, धातूवरची ती चमक नाही, जिच्यासाठी हा माणूस गुडघ्यांवर बसायचा. सगळे फोटो एकाच लेन्सचे होते.

"जवळची काढलीच नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"मोठीही नाही."

"खाली ओलं होतं. प्रत्येक वेळी सॅक काढायची, ठेवायला जागा शोधायची, उघडायची. दोनदा केलं. मग जी लावली होती तीच ठेवली." तो पडद्याकडे बघत होता. "त्यांना कळलं नाही. कुणालाच कळणार नाही."

हे त्याचं बोलणं खरं होतं. कंपनी खूश होती. माहितीपत्रक छापलं जाणार होतं, व्हॉल्व्ह विकले जाणार होते. जे फोटोंत नव्हतं ते या खोलीतल्या दोघांनाच दिसत होतं. आपण नुसती बॅग वाहिली नाही, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ज्या फोटोंवरून कळलं ते बघून तिला अजिबात आनंद झाला नाही.

"सॅक मी चुकीची घेतली," ती म्हणाली. "मुद्दाम नाही घेतली."

"मुद्दाम घेतलीस असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणतेय तीन दिवस."

त्याने तिच्याकडे वळून बघितलं. "मीही होतो की दुकानात," तो म्हणाला. "मला पहिल्याच यंत्राला कळलं. वाटलं, तुला फोन करून सांगावं. मग वाटलं, तू बसशील स्वतःला बोल लावत."

"बसलेच होते."

तो काही वेळ माऊसवर बोट आपटत राहिला. "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय," तो म्हणाला. "आणखी एक कारखाना. तिकीट एकच. मी नाही म्हणू शकतो."

ती उठली, कप उचलले, सिंकमध्ये ठेवले आणि धुतले. नाही म्हणा, असं म्हणायला आता हरकत नव्हती. पुरावा समोर पडद्यावर होता. पण तिने तो प्रत्येक फोटो पुन्हा मनात आणला, लांबून काढलेला, आणि तिला ते सहन होईना. असे फोटो या माणसाच्या हातून जायला नकोत. तिच्यासाठी तर नकोच नकोत.

"सॅक बदलून आणू," ती म्हणाली. "उद्याच."

दुकानदाराने त्यांना लगेच ओळखलं. विटावाले. त्याने काळी सॅक उलटसुलट करून बघितली, तळाला लागलेला तेलाचा डाग बघितला. "काय निघालं हिच्यात?" त्याने विचारलं. "शिवण गेली? चेन?"

"हिच्यात काही वाईट नाही," बॅगताई म्हणाली. "ही दोघांची आहे. आम्हाला एकट्याची हवीय."

दुकानदाराने आधी तिच्याकडे, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता करडी सॅक काढून काउंटरवर ठेवली.

या वेळी तिने घरून आणलेली बाटली सॅकमध्ये ठेवली, पण नवऱ्याच्या पाठीमागे जायचं टाळलं. काउंटरच्या टोकाला एक स्टूल होतं, त्यावर जाऊन ती बसली. तिथून तिला त्याचा चेहरा दिसत होता. काम करताना त्याचा चेहरा कसा दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. तो खालचा ओठ दातात धरतो. त्याने एक पट्टा काढला, सॅक पुढे फिरवली, ती कमरेला अडली. बाजूचं दार सापडेना. सापडलं तेव्हा चेन उलट्या बाजूला ओढली. तिच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं, दार कुठे, चेन कुठे, बाटली कुठे. हात आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसली. दुखरा खांदा कळवळला तरी तशीच बसून राहिली.

त्याने सॅक परत मागे टाकली. परत फिरवली. तिसऱ्या वेळी दार उघडलं, मनगट आत गेलं आणि बाटली बाहेर आली. त्याने ती वर धरली आणि सगळ्या दुकानातून तिला शोधलं.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं," ती म्हणाली, आणि मग तिला जे रडू कोसळलं ते काही केल्या थांबेना. दुकानदार बिचारा गोंधळला. सॅकवरून रडणारं गिऱ्हाईक त्याने आजवर बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, बाईंना किंमत फार वाटतेय, आणि त्याने आपणहून थोडी कमी केली.